दुबईतले पहिले सात दिवस: कोकणातून पहिल्यांदाच निघालेल्यांसाठी

दाभोळ खाडीच्या काठाने कुठल्याही वाडीत जा, एखाद्या तरी घरातला माणूस आखातात असतोच. मीही तेरा वर्षं दुबईत काढली. आता गावी असतो, त्यामुळे महिन्या-दोन महिन्यांनी कोणी ना कोणी पोरगा आईला किंवा चुलत्याला घेऊन ओटीवर येऊन बसतो. हातात व्हिसाचा कागद असतो आणि विचारणं असतं ते पगाराचं. पगाराबद्दल एजंट भरपूर बोललेला असतो. उतरल्यावर पहिले सात दिवस कसे काढायचे, हे मात्र त्याला कोणी सांगितलेलं नसतं. म्हणून हे सगळं एकदाच सविस्तर लिहून ठेवतो आहे.

सुरुवातीला माझीच गोष्ट सांगतो. मी ऑगस्टमध्ये गेलो. पहिल्या दुपारी आंघोळीला नळ सोडला आणि पाठीवर चटका बसला. गार पाण्याचा नळ होता, पण गच्चीवरची टाकी दिवसभर उन्हात तापलेली. खोलीत सहा जण, एकाचीही ओळख नाही, विचारायची लाज वाटली. तीन दिवस पहाटे साडेतीनला उठून आंघोळ केली, कारण तेवढ्या वेळेला पाणी जरा निवलेलं असायचं. चौथ्या दिवशी शेजारच्या बेडवरच्या केरळी माणसाने ओळखलं. न्हाणीघराबाहेरचं बटण दाखवून म्हणाला, "गीझर बंद रखो, गरम वाला नल खोलो." उन्हाळ्यात तिथे हेच करतात. गीझर बंद ठेवला की त्याच्या टाकीतलं पाणी खोलीच्या गारव्याने थंड होतं, म्हणून गरम पाण्याच्या नळाला गार पाणी येतं. एका वाक्याचं उत्तर होतं, आणि मी तीन दिवस झोपमोड करून घेतली.

पुढे तेरा वर्षांत नव्याने आलेली कितीतरी पोरं पाहिली. कष्टाला आपली माणसं हटत नाहीत. अडतात ती विचारायच्या लाजेपायी. खाली जे सांगतोय त्यातलं निम्मं "कोणाला काय विचारायचं" एवढंच आहे.

निघण्याआधी: व्हिसा कुठला आहे ते बघा

व्हिजिट व्हिसावर काम करणं यूएईत, म्हणजे दुबई ज्या देशात येते त्या संयुक्त अरब अमिरातीत, बेकायदा आहे. "आधी व्हिजिटवर जा, तिकडे गेल्यावर बदलून देतो" असं एजंट म्हणाला तर थांबा. नोकरीसाठी जाणाऱ्याकडे कामाची एंट्री परमिट हवी आणि तिच्याआधी तुम्ही सही केलेलं ऑफर लेटर हवं. ते ऑफर लेटर अरबी आणि इंग्रजीसोबत तिसऱ्या भाषेतही मिळतं. मराठी त्यात नाही, हिंदी आहे. हिंदीतली प्रत मागून घ्या आणि मूळ पगार किती, भत्ते किती, राहायची सोय कोणाची, हे स्वतः वाचा.

दहावी झालेली नसेल तर पासपोर्टवर ईसीआरचा, म्हणजे परदेशी कामाला जाण्याआधी सरकारी मंजुरी लागते असा, शिक्का असतो. यूएई ईसीआरच्या १८ देशांमध्ये येतं, म्हणजे आपल्या सरकारच्या ई-मायग्रेट व्यवस्थेतून मंजुरी घेतल्याशिवाय कामाला जाता येत नाही. त्याच वेळी प्रवासी भारतीय बीमा योजनेचा विमा काढावा लागतो. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५, वर कर. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाखांचं संरक्षण मिळतं. नोंदणीकृत एजंटला आपल्या कायद्याने ३० हजार रुपये आणि त्यावरचा कर एवढंच घेता येतं, तेही पावती देऊन. गहाण टाकलेल्या बागेवर लाख-दीड लाख उचलून एजंटच्या हातावर ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत. ते कर्ज फेडण्यातच पहिलं वर्ष जातं.

बॅग भरताना आईच्या शेजारी बसा

हे मी मुद्दाम म्हणतो, कारण बॅग आई भरते आणि मायेने भरते. त्यातल्या काही गोष्टी तिकडे चालत नाहीत.

सगळ्यात महत्त्वाची खसखस. यूएईत खसखस अमली पदार्थात मोडते, चिमूटभर सापडली तरी अटक होऊ शकते. आपल्याकडे अनारशावर असते, कधी करंजीच्या सारणात असते, आणि कित्येक घरांच्या मालवणी मसाल्यातही पडते. त्यामुळे तिकडे न्यायचा मसाला खसखस न घालता वेगळा कांडून घ्या, आणि मावशीने किंवा शेजारणीने शेवटच्या क्षणी आणून दिलेला पुडा विचारल्याशिवाय बॅगेत टाकू नका. तिरफळं, आमसुलं, कुळथाचं पीठ यांना काही अडचण नाही. विड्याची पानं आणि गुटखा मात्र घरीच ठेवायचा.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानात नेता येत नाहीत. खोबऱ्यात तेल असतं, ते पेट घेऊ शकतं, हे कारण. ओला नारळ तिथे कुठल्याही बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात मिळतो, तेव्हा वजन वाढवू नका.

औषधांचं दुसरं असंच प्रकरण. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉलसारखी वेदनाशामक, झोपेच्या आणि चिंतेवरच्या गोळ्या यांवर तिथे कडक नियंत्रण आहे. रोजच्या गोळ्या चालू असतील तर तिथल्या आरोग्य मंत्रालयाची परवानगी निघण्याआधी ऑनलाइन काढता येते. साध्या रक्तदाबाच्या गोळ्या असल्या तरी डॉक्टरची चिठ्ठी आणि मूळ वेष्टन बरोबर ठेवा. सुट्या गोळ्या प्लास्टिकच्या पुडीत नेऊ नका.

बाकी चार-सहा गोष्टी: जाड चौकोनी तीन पिनांचं ॲडॉप्टर (वीज आपल्यासारखीच आहे, प्लग वेगळा), पांढऱ्या पार्श्वभूमीचे फोटो, शिक्षणाच्या दाखल्यांच्या प्रती, एक पातळ गोधडी. गोधडी उन्हाळ्यातही लागते. एसी रात्रभर चालतो आणि त्याचा रिमोट तुमच्या हातात नसतो. पहिला पगार हातात यायला महिना लागतो, तेव्हा जेवणखाणाला आणि जाण्यायेण्याला पुरतील एवढे दिरहम इथूनच बदलून न्या.

पहिला दिवस: पोचल्याची खबर, मग झोप

दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. तिथे संध्याकाळचे सहा, तेव्हा घरी साडेसात, दिवेलागण होऊन गेलेली.

कंपनीचा माणूस न्यायला येणार असेल तर त्याचं नाव आणि नंबर कागदावर लिहून ठेवा, फोनची बॅटरी संपते. कोणी येणार नसेल तर टर्मिनल १ आणि ३ ला मेट्रोचं स्टेशन लागूनच आहे. टर्मिनल २ ला नाही, आणि भारतातून येणारी स्वस्तातली बरीच विमानं तिथेच उतरतात. तिथून टॅक्सी किंवा बस घ्यावी लागते. विमानतळावरून निघणाऱ्या टॅक्सीचं मीटर २५ दिरहमपासून सुरू होतं. मेट्रोत एक मोठी आणि एक लहान एवढ्याच बॅगा चालतात.

खोलीवर पोचलात की सामान सोडण्याआधी गादी उलटून शिवणी आणि कोपरे टॉर्च लावून बघा. बेडस्पेसमध्ये, म्हणजे अनेकांच्या खोलीत एकेक पलंग भाड्याने देतात तिथे, ढेकूण हा मोठा त्रास आहे. काळे ठिपके दिसले तर त्याच दिवशी कॅम्पच्या, म्हणजे कामगारांच्या वसाहतीच्या, बॉसला किंवा खोली देणाऱ्याला सांगा. बॅग पलंगाखाली सरकवली की ढेकूण बॅगेतही शिरतात.

त्याच रात्री खोलीतल्यांना चार प्रश्न विचारा: स्वयंपाकाची पाळी कशी आहे, फ्रिजमधला कप्पा कुठला, कोण कुठल्या शिफ्टला झोपतं, कचरा कुठे टाकायचा. सुका बोंबील आणला असेल तर तो भाजण्याआधीही विचारा. बंद खोलीत तो वास दोन दिवस जात नाही, आणि पहिल्याच आठवड्यात त्यावरून मनं दुखावतात. खोली स्वतः भाड्याने घेणार असाल तर प्लायवूड ठोकून केलेली पार्टिशनची खोली टाळा. विनापरवाना पार्टिशनवर नगरपालिका कारवाई करते, आणि मग बॅग घेऊन रस्त्यावर उभं राहायची पाळी येते.

दुसरा-तिसरा दिवस: ऊन आणि पोट

"आम्ही घामाला सरावलेलो आहोत," असं आपली पोरं म्हणतात. घामाला आहेत, खरंय. पण आपल्याकडे दहा पावलांवर आंब्याची, फणसाची सावली असते. तिथे जुलै-ऑगस्टमध्ये पारा ४० च्या वर जातो आणि दोन इमारतींमधल्या रस्त्यावर सावली नसते. भर उन्हातून एकदम एसीत आणि एसीतून उन्हात, याचा त्रास वेगळाच असतो. पहिल्या तीन-चार दिवसांत डोकं जड होणं, नाकातून रक्ताचा थेंब येणं, अंग मोडून येणं हे मी बऱ्याच जणांचं पाहिलं.

तहान लागायची वाट बघू नका. बाटली जवळ ठेवा आणि तासाला थोडं थोडं पीत राहा. लघवी गडद पिवळी दिसली की पाणी कमी पडतंय. बाहेरचं काम असेल तर ओआरएसची पाकिटं खिशात असू द्या. घाम थांबला, त्वचा कोरडी आणि गरम लागली, बोलणं बरळल्यासारखं झालं, तर तो उष्माघात आहे. ९९८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत माणसाला सावलीत घेऊन अंग ओलं करा.

१५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घ्यायला कायद्याने बंदी आहे. फोरमन म्हणाला "थोडंसंच राहिलंय", तरी ही वेळ विश्रांतीचीच आहे.

पोटाचं सांगायचं तर पहिले दोन दिवस बाहेरचं तळलेलं आणि बिर्याणी यांपासून लांब राहा. केरळी लोकांमुळे लाल उकडा तांदूळ सगळीकडे मिळतो. त्याची पेज करा आणि सोबत लोणच्याची फोड घ्या. आपल्या पोटाला तीच ओळखीची. ताकाच्या जागी लबन मिळतं, दाट असतं, पाणी आणि मीठ घालून प्यायचं. सोलकढीला आमसुलं तुमच्या बॅगेत आहेतच. स्वयंपाक येत नसेल तर मेस लावा, पण महिन्याचे पैसे भरण्याआधी दोन-तीन दिवस जेवून बघा. घाईच्या दिवशी खुबूस, म्हणजे अरबी रोटी, आणि अंडं घेतलं की स्वस्तात भागतं.

कागद: बताका हातात येईपर्यंत

एमिरेट्स आयडीला तिथे सगळे बताका म्हणतात. २०२२ पासून पासपोर्टवर व्हिसाचं स्टिकर लावत नाहीत, त्यामुळे तुम्ही कायदेशीर राहता याचा पुरावा हेच कार्ड. उतरल्यापासून ६० दिवसांच्या आत मेडिकल, बोटांचे ठसे आणि बाकीची कार्यवाही पूर्ण व्हावी लागते. मेडिकलला रक्त तपासतात आणि छातीचा एक्स-रे काढतात. क्षयाचा जुना डाग असेल तर अडचण येते. पूर्वी क्षयावर उपचार झाले असतील तर निघण्याआधीच इथे एक्स-रे काढून डॉक्टरांशी बोला.

पहिल्या आठवड्यातच पीआरओला, म्हणजे कंपनीची सरकारी कामं बघणाऱ्याला, विचारा: "माझी मेडिकलची तारीख कधी आहे? आरोग्य विम्याचं कार्ड कधी मिळेल?" विमा काढणं मालकाची जबाबदारी आहे. व्हिसाचा, भरतीचा खर्च तुमच्या पगारातून कापणंही कायद्याला मान्य नाही.

आता पासपोर्टचं. कामासाठी दोन दिवस दिला तर हरकत नाही, पण तो कायमचा ठेवून घेण्याचा हक्क कोणत्याही मालकाला नाही. माझ्या एका जुन्या मालकाने "सगळ्यांचे कपाटात आहेत, सुरक्षित राहतात" म्हणून माझाही ठेवला. वडील गेले तेव्हा तो माणूस सुट्टीवर आणि कपाटाची किल्ली त्याच्याजवळ. मी दहाव्याला पोचलो. म्हणून पासपोर्ट देताना तो परत कधी मिळणार हे विचारून तारखेसह लिहून घ्या, आणि पासपोर्ट, एंट्री परमिट, ऑफर लेटर यांचे फोटो घरच्या कोणाच्या तरी फोनवर पाठवून ठेवा.

हे नंबर फोनमध्ये आणि कागदावरही असू द्यात. पोलीस ९९९, आग ९९७. कामगार मंत्रालयाचा तक्रारीचा नंबर ८००८४. दुबईतल्या भारतीय वकिलातीच्या प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा टोल फ्री ८००४६३४२, तिथे हिंदीत बोलता येतं. वकिलात बर दुबईत आहे.

फोन आणि पैसा

व्हॉट्सॲपवरून फोन लागत नाही, हा नव्या माणसाला पहिला धक्का. लिहिलेले निरोप आणि आवाजाचे निरोप जातात, कॉल आणि व्हिडिओ कॉल बंद आहेत. बोटिमसारखी मान्यता असलेली ॲप्स वापरा. त्यातलं एक घरच्यांच्या फोनवर निघण्याआधीच घालून, एकदा लावून दाखवा. नाहीतर आई दोन दिवस रिकामा फोन धरून बसते. खोलीत कोणी व्हीपीएन, म्हणजे बंद असलेले कॉल आडवाटेने लावून देणारं ॲप, घालून देतो म्हणेल. घेऊ नका. त्याचा गैरवापर ठरला तर ५ लाख दिरहमपासून पुढे दंड आहे.

भारतातलं सिम बंद करू नका. बँकेचा ओटीपी त्यावरच येतो, म्हणून रोमिंग सुरू करून थोडं रिचार्ज ठेवा. तिकडचं सिम स्वतःच्याच कागदांवर घ्या, मित्राच्या नावावरचं नको.

पगार बँकेच्या किंवा एक्स्चेंजच्या कार्डावर, सरकारच्या वेतन व्यवस्थेतून येतो. "रोख देऊ" म्हणणाऱ्याला "का?" हे विचारायलाच हवं. दिरहम १९९७ पासून डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला ३.६७२५. त्यामुळे रुपया डॉलरपुढे घसरला की तुमच्या दिरहमचे जास्त रुपये होतात. पैसे परवानाधारक एक्स्चेंजमधूनच पाठवा, हुंडीवाल्याकडून नाही. गावच्या बँकेलाही तुम्ही अनिवासी झाल्याचं कळवून खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं, करून घ्या. हे पहिल्या महिन्यात केलं तरी चालेल.

चौथ्या दिवसापासून: बाहेर पडा

नोल कार्ड घ्या. मेट्रो आणि बस दोन्हीला तेच चालतं. साध्या डब्याला एका झोनला ३ दिरहम, दोनला ५, त्यापुढे ७.५०. महिला-मुलांच्या डब्यात पुरुष चढला तर १०० दिरहम दंड, मेट्रोत काही खाल्लं-प्यायलं तरी १००, च्युइंगगमसुद्धा. रस्ता जिथून-तिथून ओलांडला तर ४००. तंबाखूची सवय असेल तर रस्त्यावर थुंकणं आधी बंद करा.

कायद्याच्या आणखी तीन गोष्टी, ज्यात आपली माणसं अजाणता अडकतात. अनोळखी माणसांचे, विशेषतः बायकांचे फोटो काढून टाकणं हा गुन्हा आहे. शारजात भाडं कमी म्हणून पुष्कळ जण राहतात, तिथे दारूला पूर्ण बंदी आहे. आणि वर्गणी. गावच्या देवळाच्या जीर्णोद्धाराचं, शिमग्याच्या पालखीचं पावतीपुस्तक घेऊन खोल्याखोल्यांतून फिरणं तिथे बेकायदा आहे. परवान्याशिवाय कोणत्याही कारणासाठी पैसे गोळा करता येत नाहीत. ग्रामदेवतेला द्यायचं ते आपलं आपण घरी पाठवा, कोणाकडे मागू नका.

रात्रीचा वेळ

पाचव्या-सहाव्या दिवशी, नवलाई ओसरली की, जीव उडाल्यासारखा होतो. बहुतेकांचं होतं. माझं झालं तेव्हा आईने आवाजाचा निरोप पाठवला होता: "जेवलास काय रे?" तिच्या मागे कौलांवर पाऊस वाजत होता आणि पन्हळीतून पडणाऱ्या पाण्याची धार ऐकू येत होती. तो निरोप मी कितीदा लावला असेन, मोजलं नाही.

रोज फोन करा, पण वेळ ठरवून, दहा-पंधरा मिनिटं. तासन् तास बोलत बसलात तर मन तिथेच अडकतं आणि झोप जाते. घरच्यांना काळजी वाटेल म्हणून सगळंच छान आहे असंही सांगू नका. एका माणसाला, भावाला किंवा मित्राला, खरं सांगत जा. दोन आठवडे उलटूनही झोप नाही, जेवण जात नाही, कामात मन नाही असं राहिलं तर विम्याच्या कार्डावर डॉक्टरला दाखवा.

सातवा दिवस, किंवा जी पहिली सुट्टी मिळेल ती

सरकारी कचेऱ्यांना २०२२ पासून शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवारी अर्धा दिवस असतो. खाजगीत बऱ्याच जणांना एकच वार मिळतो, तो कुठला हे विचारून ठेवा. कपडे धुवा, पण गॅलरीत रस्त्यावरून दिसतील असे वाळत घालू नका, त्यालाही मनाई आहे.

मग बर दुबईच्या धक्क्यावर जा आणि अब्र्यात बसा. लाकडी होडी, एक दिरहम भाडं, पाच-सात मिनिटांत खाडीपलीकडे देरा. दाभोळ-धोपाव्याच्या फेरीबोटीतून गेलेल्या माणसाला त्या पाण्याच्या वासाने बरं वाटतं. देऱ्यात वॉटरफ्रंट मार्केट आहे, तिथला मासळीबाजार सकाळी लवकर गाठा. सुरमईला कनद म्हणतात, पापलेटला झुबैदी, हलव्याला हलवायो. भाव करता येतो, करायचाच. डोळे आणि कल्ले आपण बंदरावर बघतो तसेच बघा. मासे साफ करून द्यायची जागा वेगळी असते आणि त्याचे पैसे वेगळे. कालवणाला की तळायला हे सांगितलंत तर ते तसे तुकडे करून देतात. १५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर कनद पकडायला तिथे बंदी असते, आपल्या पावसाळी बंदीसारखीच, त्या दिवसांत दुसरी मासळी बघा.

खोलीतल्यांसाठीही एक-दोन तुकडे जास्त घ्या. त्या दिवशी स्वयंपाक तुम्ही करा, आणि मसाला काढताना आईने पुडीवर काय लिहिलंय ते वाचून, तिखट किती घालायचं हे सगळ्यांना विचारून घ्या.